बिराजदार बाईंचा निर्देशांक

बिराजदार बाईंसमोर "बाजार वर गेला" असं म्हणायची आमच्या शिक्षकखोलीत कुणाची छाती होत नसे. गायकवाड सर विज्ञान शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत डब्याच्या झाकणाला मोबाइल टेकवून शेअर बाजार बघत जेवायचे. एखाद्या दिवशी स्वारी खुशीत आली की तोंडून निघून जायचं, "आज बाजार जोरात वर गेला बरं का." लगेच कोपऱ्यातून, तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्याआडून, मान वर न करता प्रश्न यायचा.

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? बाजार हो, बाई. सेन्सेक्स."

"तेच विचारते. त्यातलं कोण वर गेलं? तुमचे शेअर गेले का?"

गायकवाड सरांचे शेअर बहुधा गेलेले नसायचे. ते मुकाट्यानं भाकरी चावत राहायचे आणि आम्ही बाकीच्या पदर तोंडाला लावून हसायचो.

हा "कुणाचा?" बाई सगळ्यांनाच लावायच्या. पाऊस चांगला झाला म्हटलं, कुणाचा? मुरुमच्या आडतीत तुरीला भाव आला म्हटलं, कुणाच्या तुरीला? एकदा मुख्याध्यापकांनी बैठकीत मोठ्या अभिमानानं जाहीर केलं की दहावी 'ब'ची गणिताची सरासरी यंदा वाढली. टाळ्या झाल्या. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, यंदा बाहेरून तीन हुशार पोरी आल्यात, त्यांनी वाढवली. बाकीचा वर्ग गेल्या वर्षीपेक्षा खाली आहे. मीच शिकवते, मला ठाऊक आहे." स्वतःच्याच विषयाचे असे भर बैठकीत वाभाडे काढणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मुख्याध्यापकांनी घाईघाईनं पुढचा विषय घेतला, आणि त्या वर्षी भर उन्हाळ्यातली सगळी प्रशिक्षणं बाईंच्या वाट्याला आली.

उंच, काटकुळी बाई. साडीच्या निऱ्यांवर कायम खडूची पांढरी बोटं उमटलेली. पर्समधल्या पैशांच्या कप्प्यात खडूचे तुकडे, आणि पैसे मात्र रुमालाच्या गाठीत. वर्गात हजेरी घ्यायच्या ती शेवटच्या नंबरापासून. पहिल्या नंबराची पोरं आपोआप हजर असतात, असं त्यांचं म्हणणं. चिडल्या की तोंडून "अय्यो" निघायचं. मुरुमात कानडी आणि मराठी एका ताटात जेवतात, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे.

मी हिंदी शिकवायची. आकड्यांशी माझं लहानपणापासून वाकडं. पण रोज रोज ते सेन्सेक्स-सेन्सेक्स ऐकून कान किटले, तेव्हा एकदा मीच विचारलं, "अहो बाई, हे असतं तरी काय?"

त्यांनी खडू काढला आणि टेबलावरच ओळीनं गोल मांडले, काही मोठे, काही चिमुकले. "काळेबाई, बाजारात हजारो कंपन्या. सगळ्यांची खुशाली रोज कोण विचारत बसणार? म्हणून त्यातल्या मोठ्या मोठ्या निवडतात. ही एवढी मोठी, हिचं माप पायलीचं. ही लहान, हिचं चिपट्याचं. सगळ्यांचं वर-खाली मिळून एकच आकडा काढायचा. त्याला म्हणायचं निर्देशांक. पायलीवाली उसळली की आकडा उसळतो, मग चिपटीवाल्या चार पडेनात का."

"मग त्याचा उपयोग काय?"

"हवा कळते. वारा कुठून आहे ते कळतं. आता तुमच्या घरावरचा पत्रा उडाला की राहिला, ते वाऱ्याला कसं ठाऊक असणार?"

मला समजलं असं मी म्हणाले. खरं तर समजलं ते पुढं, तामलवाडीत.

बाईंचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले होते. मूलबाळ नव्हतं, सासरी कुणी विचारणारं उरलं नव्हतं. तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीला धाकटा भाऊ बसवराज, त्याची बायको आणि मुलगा मल्लिनाथ, एवढंच काय ते त्यांचं जग. दर नागपंचमीला बसवराज अण्णा मोटारसायकलवरून मुरुमला येऊन बहिणीला माहेरी घेऊन जात. आडगावची वाट नव्हे, एसटी होती. वेड्यासारखं एवढ्या लांब मोटारसायकलवर कशाला जाता, असं मी दर वर्षी म्हणायची. बाई म्हणायच्या, "न्यायला येण्याला महत्त्व आहे हो. एसटी काय, कुणालाही नेते."

दोन वर्षांपूर्वी त्या पंचमीहून परतल्या त्या गप्पगप्पच. चार दिवस मी वाट पाहिली, मग धरून बसवलं.

तामलवाडीचं त्यांचं रान रेल्वेच्या नव्या मार्गात गेलं होतं आणि त्याचा मोबदला मंजूर झाला होता. रान अजून वडिलांच्या नावावर. वारस दोघं, भाऊ आणि बहीण. पैसे सुटायला दोघांच्या सह्या हव्या होत्या. बहिणीनं हक्क सोडल्याची सही करायची, भावाकडून साडीचोळी घ्यायची आणि हसत घरी जायचं, अशी आपल्याकडची रीत. ही रीत ज्यानं काढली त्याला एकदा डोळे भरून बघायची माझी फार इच्छा आहे. पण बाईंना रीत मान्य होती. सही करायची तयारी ठेवूनच त्या गेल्या होत्या.

तिथं जेवताना मल्लिनाथनं बेत सांगितला. पोरगा पुण्याला डिप्लोमा करून आलेला, नोकरी सुटलेली, दोन वर्षं घरी. डोळ्यांसमोर दिवसभर मोबाइल. सगळी रक्कम बाजारात घालायची म्हणाला.

"आत्या, बाजार कधी नव्हता एवढा वर हाय. आत्ता न्हाय शिरलं तर मग कवा?"

"कुणाचा वर आहे?"

"समद्यांचाच की." तो हसला होता.

"आणि घेणार काय?"

"घ्यायचं बिवचं काय न्हाय. इंडेक्स हाय का, त्यो सांजच्याला वर राहील का खाली, तेवढं वळखायचं. वळखलं की पैसं."

बसवराज अण्णा अभिमानानं पोराकडं बघत होते. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जन्मभर ढेकळं फोडलेला माणूस, पोरगं खुर्चीत बसून कमावणार याचंच त्यांना कौतुक. बाईंनी मात्र हातातला घास ताटात ठेवला. सही केली तर भावाचं म्हातारपण पोराच्या मोबाइलवर टांगलं जाणार. नाही केली तर रक्कम कोर्टात जाऊन पडणार, आणि बहीण हिश्शाला हपापली असं सगळं गाव म्हणणार. माहेराचं दार तिथंच बंद.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हणाले, करते सही. दिवाळी होऊ दे. तोवर मल्ल्यानं माझं एक काम करायचं."

काम असं होतं. गावातली दहा घरं निवडायची. दर रविवारी त्या घरांत हा आठवडा कसा गेला याची चौकशी करायची. ज्याचा पसारा मोठा त्याचं माप मोठं, लहानाचं लहान. सगळ्यांचं मिळून वर की खाली ते ठरवायचं आणि पडवीच्या भिंतीवर खडूनं रेघ पुढं न्यायची. तामलवाडीचा निर्देशांक. बाईंनी पर्समधला सगळा खडू त्याच्या हातावर ठेवला होता. सही हवी होती म्हणून पोरगा कबूल झाला.

दिवाळी संपल्यावर बाई तामलवाडीला निघाल्या तेव्हा मीही बरोबर गेले. निमित्त तुळजापूरच्या देवीचं होतं. खरं सांगायचं तर मला बाईंना एकटीला पाठवायचं नव्हतं.

बसवराज अण्णांनी हसून या म्हटलं, पण ते हसू ओठांवरच होतं. वहिनींनी पाण्याचा तांब्या दिला आणि काही न बोलता आत गेल्या. पडवीच्या भिंतीवर ती रेघ होती. जराशी वाकडी, मध्ये एक-दोन खड्डे, पण एकूण चढत गेलेली. मल्लिनाथ तिच्याखाली उभा राहिला, शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा.

"बघा आत्या. दोन-चार डाव वाकली, पर वरच हाय."

"घरं कोणती धरलीस?"

तो सांगत गेला. पेट्रोल पंपवाले, दूध डेअरीवाले, हमरस्त्यावरचं हॉटेल, जेसीबीवाला, खतांचं दुकान, अशीच आणखी तीन. शेवटी पिठाची गिरणी आणि एक शिंपी.

"ह्या खड्ड्याच्या आठवड्यात काय झालं?"

"डेअरीचा भाव पडला. त्याचं माप मोठं हाय."

"आणि इथं एकदम उसळली ती?"

"पंपवाल्यानं दुसरा पंप घेतला."

"त्या आठवड्यात बाकीच्या घरांत काय होतं?"

मल्लिनाथनं डोकं खाजवलं. "बाकीची... तशी खालीच होती. सोयाबीन भिजलं होतं ना."

"म्हणजे नऊ घरं खाली आणि गाव वर."

बाई भिंतीजवळ गेल्या, चष्मा वर सरकवला. "जेसीबीवाला अजून आहे ह्यात?"

"न्हाय. त्याचं मशीन फायनान्सवाल्यांनी वढून नेलं. मग त्याला काढला अन् प्लॉटिंगवाल्याला घेतला. खऱ्या इंडेक्समधी बी असंच करत्यात, आत्या. पडलेलं काढायचं, चढतीचं घ्यायचं. म्हणूनशान तर त्यो सारखा वर दिसतो."

"अय्यो. आणि काढलेल्या घरात आज चूल पेटली का, ते कुणी विचारायचं?"

बसवराज अण्णा बिडी काढत होते, ती तशीच हातात राहिली. बाईंनी आवाज खाली आणला.

"मल्ल्या, ह्या दहांत आपलं घर कुठं आहे?"

"आपलं एवढं मोठं कुठं हाय, आत्या?"

"तेच म्हणते मी. पायली न्हाय, चिपटं न्हाय, आपण मापातच न्हाय. गावाची रेघ वर गेली म्हणून आपल्या घरात काय आलं?"

मला वाटलं, संपलं. आता पोरगं मान खाली घालणार. पण मल्लिनाथ काही मातीचा गोळा नव्हता. तो आत्याचाच भाचा. त्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग आत्या, एकच घर धरून तरी कशापायी बसायचं? म्या उद्या अख्ख्या गावाचा बारका बारका हिस्सा घेतला तर? जेसीबीवाला पडला तरी डेअरी हाय, डेअरी पडली तरी पंप हाय. एक घर बुडतं, समदं गाव एका टायमाला बुडत न्हाय. बाजारात बी असा हिस्सा मिळतो. इंडेक्स फंड म्हणत्यात."

बैठकीत मुख्याध्यापकांना गप्प करणाऱ्या बाई खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिल्या. "ह्याला माझ्याकडं उत्तर नाही," त्या म्हणाल्या. "विचार करायला पाहिजे." मग एकदम विचारलं, "पण तू तेच करतोस का? हिस्सा घेऊन वर्षानुवर्षं गप बसतोस?"

मल्लिनाथनं नजर चुकवली. खिशात मोबाइल थरथरला तसा त्याचा हात तिकडं गेला आणि मध्येच थांबला. मला ते काही बरं वाटलं नाही. बाईंनाही दिसलं असणार.

तेवढ्यात बसवराज अण्णा उठले. "अक्का, त्ये रेघबिग ऱ्हाऊ दे. मला त्यातलं काय कळत न्हाय. तू सही करणार हैस का न्हाय, एवढंच सांग."

"करते म्हणलं की, बसू."

"गाव इचारतंय मला. बहीण अडवून बसली का म्हणून. काय सांगू म्या?"

बाई हात धुवायला उठल्या. आम्ही जेवलो. वहिनींनी माझ्या भाकरीवर तूप वाढलं, बाईंच्याही वाढलं, पण त्यांच्याकडं बघितलं नाही. असलं तूप मला आजतागायत गोड लागलेलं नाही.

परतीच्या एसटीत बाई खिडकीला डोकं टेकवून बसल्या होत्या. नळदुर्ग जवळ आल्यावर बोलायला लागल्या. मी विचारलं नव्हतं.

त्या बारावीला होत्या आणि बसवराज दहावीला, त्या सालची गोष्ट. पाऊस उघडला आणि त्यांच्या रानातली ज्वारी उभ्या उभ्या वाळली. त्या काळी गावाची पैसेवारी निघायची, आजही निघते. गावातली काही रानं निवडायची, तिथलं पीक कापून मोजायचं आणि त्यावरून सगळ्या गावाला एक आकडा द्यायचा. पन्नास पैशांच्या आत आला तर गाव दुष्काळी, वर आला तर गाव सुखी. मापाला आलेल्या लोकांना ज्या रानांत नेलं ती सगळी विहिरीच्या पाण्याखालची. आकडा पन्नासच्या वर गेला. गाव दुष्काळी ठरतं तर पोरांची परीक्षा फी माफ होणार होती. ती झाली नाही. घरात एकाचीच फी भरण्यापुरतं होतं.

"आमचे वडील दोघांकडं बघत बसले होते," बाई म्हणाल्या. "बसू म्हणाला, अक्का हुशार हाय, तिची भरा. आणि दुसऱ्या दिवशी औत घेऊन रानात गेला. पंधरा-सोळा वर्षांचं पोर हो. आज त्यानं सही मागितली तर मी नाही कुठल्या तोंडानं म्हणू?"

मी त्यांचा हात धरला. "कुणाचा?" हा प्रश्न कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं, आणि इतकी वर्षं त्यावर हसलो याची लाज वाटली.

भूसंपादनाच्या कचेरीत सह्यांसाठी तुळजापूरला बोलावणं आलं ते थंडीत. साक्षीदार म्हणून बाईंनी मला नेलं. कचेरीत गर्दी होती. रान गेलेली सगळी गावं त्या एका बोळात उभी. बसवराज अण्णांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि बाईंसाठी घेतलेली साडी पिशवीतून आणली होती. पिशवीच्या तोंडातून हिरवा काठ दिसत होता. रीतीप्रमाणं सही झाली की ती द्यायची.

मल्लिनाथ लांब, जिन्याजवळ उभा होता. त्या दिवशी सकाळपासून बाजार कोसळत होता. मला कळायचं कारण नव्हतं, पण रांगेतली दोन-तीन तरणी पोरं तेच बोलत होती. मल्लिनाथचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. मोबाइलकडं बघायचा, खिशात टाकायचा, पुन्हा काढायचा. बाईंनी ते पाहिलं आणि रांग मला धरायला सांगून त्या जिन्याकडं गेल्या. मीही दोन पावलं त्यांच्यामागं गेले. रांग बसवराज अण्णांनी धरली.

"काय झालं रे?"

"बाजार पडला, आत्या."

"कुणाचा?"

मल्लिनाथनं मोबाइल पालथा धरला. मग म्हणाला, "माझा."

बाईंनी एवढी वर्षं तो प्रश्न शेकडो जणांना विचारला असेल. असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं.

"अण्णानी दोन म्हशी इकून पैसं दिलते, बँकंत टाकायला," मल्लिनाथ खाली बघत बोलत होता. "समदं गेलं. आजचं न्हाय, कवापासून जातंय. आज उरलंसुरलं गेलं. अण्णाला वाटतंय बँकंत हाय. आत्या, सही करा. एक डाव मोठी रक्कम हातात आली की म्या समदं भरून काढतो. तुमच्या पाया पडतो. पर अण्णाला सांगू नका. त्यो मला घरात ठिवायचा न्हाय."

आतून नावाचा पुकारा झाला. बसवराज अण्णांनी हात वर केला. "अक्का, ये. आपला लंबर."

बाई गेल्या. टेबलापलीकडच्या लिपिकानं कागद पुढं सरकवला, बोट ठेवून जागा दाखवली. बसवराज अण्णांनी आपली सही केली. हळूहळू, एकेक अक्षर लावत. मग पेन बहिणीच्या हातात दिलं. बाईंनी पेन कागदाला टेकवलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"साहेब, मला हक्क सोडायचा नाही. माझा अर्धा हिस्सा माझ्या नावावर पाहिजे."

लिपिकानं वर बघितलं. मागच्या रांगेत कुजबुज थांबली. बसवराज अण्णांना आधी कळलंच नाही, ते तसेच हसत उभे होते. मग हसू गेलं.

"अक्का?"

"अर्धा, बसू. कायद्यानं माझा आहे."

"तुझा हाय, व्हय. म्या कवा न्हाय म्हणलं?" त्यांचा आवाज फाटला. "पर तुझी फी भरा म्हणून म्याच सांगितलं होतं गं. त्या दिवशी हिस्सा काढला होता का म्या?"

बाई एक शब्द बोलल्या नाहीत. मला ओरडून सांगावंसं वाटलं. माझं तोंड उघडलंसुद्धा, तसा त्यांनी माझा दंड असा धरला की संध्याकाळी वळ उठला होता. कागद बदलले गेले. दोघांचे हिस्से वेगळे झाले, सह्या झाल्या, मी साक्षीदार म्हणून माझं नाव लिहिलं. हिरव्या काठाची पिशवी बसवराज अण्णा परत घेऊन गेले. जिन्याशी बाई मल्लिनाथजवळ एवढंच म्हणाल्या, "बसूच्या अर्ध्याला हात लावलास तर त्या दिवशी मी स्वतः येऊन सगळं सांगेन."

बाहेर आल्यावर मी कडाडले. "सांगून का नाही टाकलंत? भावासमोर चोर ठरलात!"

"सांगितलं तर पोराला घर राहायचं नाही," बाई म्हणाल्या. "मला मुरुमला खोली तरी आहे."

त्या पैशांतून बाईंनी पहिल्यांदा म्हशींची रक्कम भावाच्या बँक खात्यात भरली, गाजावाजा न करता. पोरानं भरली असंच अण्णांना वाटलं असणार. उरलेल्यातलं बरंचसं बसवराज अण्णा आणि वहिनींच्या नावानं मुदत ठेवीत ठेवलं. त्यांना न सांगताच, कागद स्वतःकडं. आणि राहिलेला एक भाग चक्क इंडेक्स फंडात. मी डोळे विस्फारले.

"मल्ल्याचं उत्तर बरोबर होतं, काळेबाई. अख्ख्या गावाचा हिस्सा घ्यावा, पण मग दाणे मोजत बसू नये. त्याची घाई चुकली. हे पैसे त्याच्या पोरांसाठी. तोवर मी रेघेकडं बघणार नाही." खरंच बघायच्या नाहीत. गायकवाड सर मधल्या सुट्टीत बाजाराचं नाव काढायचे तेव्हा त्या पेपर उचलून वर्गात जायच्या.

तामलवाडीचा फोन बंद झाला. संक्रांतीला बाईंनी तिळगूळ पाठवला, तो पोचल्याचंही कुणी कळवलं नाही. शिमगा गेला, पाडवा गेला. बाईंनी विषय काढला नाही, पण हजेरी घेताना मधले नंबर सुटायला लागले. वर्गातली पोरं मला येऊन सांगायची. उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला सगळ्यांचे नातेवाईक येतात. बाईंच्या नातेवाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत मी बसले होते.

मग श्रावण आला. पंचमीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले. एकटीनं सण काढायला नको, म्हणून आमच्या घरी न्यायचं ठरवलं होतं. बाई पायरीवर बसल्या होत्या. दारात भरलेली पिशवी होती. दर वर्षी ज्या दिवशी भरायच्या त्याच दिवशी भरली होती.

"कुणाची वाट बघताय बाई?" मी रागानंच म्हणाले. मला रडू येत होतं म्हणून रागानं. "उठा, आमच्याकडं चला."

"बसा जरा," त्या म्हणाल्या. "ऊन उतरू दे."

ऊन उतरत आलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली. बसवराज अण्णा. टोपी धुळीनं लाल, हँडलला तीच पिशवी, हिरव्या काठाची. त्यांनी गाडी लावली आणि तिथंच उभे राहिले. पायरीपर्यंत यायचं त्यांना जमेना.

"पोरानं सांगितलं समदं," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "म्हशींचं बी. म्या लई बोललो तुला, अक्का. कचेरीत, चार माणसांत." पुढं शब्द सापडेना तसे ते आभाळाकडं बघायला लागले. गावचा माणूस अडला की पावसावर जातो. "गावाकडं यंदा पाऊस चांगला हाय."

मी बाईंकडं पाहिलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी तो प्रश्न ऐकायला कान देऊन उभी होते. बाईंचे ओठ उघडले. त्यांनी भावाच्या लाल टोपीकडं बघितलं, हँडलच्या पिशवीकडं बघितलं.

"असंल की," त्या म्हणाल्या, आणि दारातली आपली पिशवी उचलली.

मोटारसायकल नळदुर्ग रस्त्याला लागेपर्यंत मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. बाई मागं बसल्या होत्या, एका हातात दोन पिशव्या, दुसरा हात भावाच्या खांद्यावर. त्या आता तामलवाडीलाच राहतात. फोनवर बोलणं होतं. पडवीच्या भिंतीला नवा रंग दिला, पण रेघ तेवढी ठेवली, असं मल्लिनाथ सांगत होता.